छताला लागलेला बॉल: आउट की चालू?

न्यूजर्सीकर: इथल्या शाळा-कॉलेजच्या व्हॉलीबॉलमध्ये बॉल आपल्याच बाजूच्या छताला लागून आपल्याच बाजूला खाली आला तर खेळ चालू राहतो. भारतात शिट्टी आणि आउट. चांगली रॅली मारून टाकतात आपले पंच. पुस्तकाबाहेर डोकंच चालत नाही.

नेटखाली: १५ वर्षं शिट्टी फुंकली आहे, म्हणून झोंबलं. पुस्तक सोडून पंचाने बघायचं कुठे, कप्तानाच्या तोंडाकडे? एफआयव्हीबीचा (आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचा) नियम सरळ आहे: बॉल छताला लागला, आउट. त्याच पुस्तकात मैदानाच्या वर किमान ७ मीटर मोकळं हवं असंही आहे, जागतिक स्पर्धांना १२.५. आधी उंची द्या, मग पंचाला शिव्या द्या. आणि तुमच्याकडेही छताला लागून बॉल पलीकडे गेला की फॉल्टच. ते बरं सांगितलं नाहीत!

न्यूजर्सीकर: "आपल्याच बाजूला" लिहिलंय. चष्मा लावा.

जुना_लिफ्टर: ७ मीटर म्हणे! आमच्या तालुक्याच्या हॉलात छताला लोखंडी कैच्या, त्यांना पंखे, पंख्यांना गेल्या लग्नाच्या झिरमिळ्या. सेमीफायनल, पाचवा सेट, १३-१४. माझा डिग, म्हणजे स्मॅशवर खालून उचललेला बॉल, कैचीला लागला, खाली आमच्या पोराने उचललाही. शिट्टी. घरी. १२ वर्षं झाली, जेवताना अजून आठवतं.

नेटखाली: वाईट वाटलं. पण आउटच.

लिंबाखालचा: हॉल तरी होता तुम्हाला. आमच्या पटांगणात कोर्टावर लिंबाची फांदी. लागली तर रिप्ले, हे टॉसलाच ठरायचं. मग आमचा एक गडी पॉइंट जातोय दिसलं की बॉल मुद्दाम फांदीत घालायचा.

जुना_लिफ्टर: ही चीटिंग झाली.

लिंबाखालचा: याला होम ग्राउंड म्हणतात.

शटलवाली: बॅडमिंटनमध्येही छताला लागलं की फॉल्ट, पण अडथळ्यांसाठी स्थानिक संघटनेला पोटनियम करता येतो. तुम्ही करा की.

जुना_लिफ्टर: पोटनियम नंतर, आधी हॉल लग्नाला देणं बंद करा. आमच्याकडे सरावाच्या दिवशी पंगत बसते. जिलबीच्या पाकावरून घसरून एकाचा घोटा गेला.

शटलवाली: भाडं बंद झालं तर लाइटबिल कोण भरणार, तुम्ही?

न्यूजर्सीकर: अहो, विषय छताचा होता.

नेटखाली: होता. बरं, गावच्या स्पर्धेत दोन्ही कप्तान आधी "चालू" म्हणाले तर मी शिट्टी गिळेन. पण लिंबाखालच्यांच्या त्या गड्याला आधी बाहेर बसवा.

लिंबाखालचा: तो आता सरपंच आहे. फांदी तशीच आहे.