प्रति: शून्य आकडा म्हणजे पारा नाही?

वर एकाने लिहिलंय की पारा मोजणाऱ्या यंत्राने शून्य दाखवलं, म्हणजे गॅसमध्ये पारा नाही. याच्याशी मी अजिबात सहमत नाही. नैसर्गिक वायूतला पारा मोजताना खरी गोची यंत्रात नसते, नमुना घेण्यात असते. ज्या पोलादी नळीतून नमुना यंत्राकडे येतो, तिच्या आतल्या भिंतीला पारा चिकटतो. नळी नवी असेल तर सुरुवातीला सगळा पारा तीच पिऊन टाकते आणि आकडा खोटा कमी येतो. पुढे तापमान किंवा दाब बदलला की तोच पारा सुटतो आणि आकडा उगाच उसळतो. म्हणून आतून सिलिकाचा लेप दिलेली, गरम ठेवलेली, आखूड नळी वापरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत गॅस वाहू द्या. नमुन्यातला पारा सोन्याच्या सापळ्यावर धरतात (सोन्याला पारा चिकटतो), मग सापळा तापवून सुटलेली पाऱ्याची वाफ प्रकाशशोषणाने किंवा फ्लुओरेसन्सने, म्हणजे ती किती प्रकाश शोषते किंवा परत फेकते यावरून, मोजतात.

एवढी काटेकोरी का? अल्जीरियातल्या स्किकदा इथे १९७३ मध्ये एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) प्रकल्पाचा अ‍ॅल्युमिनियमचा हीट एक्सचेंजर, म्हणजे वायू थंड करणारा भाग, पाऱ्यानेच निकामी झाला. अशा प्रकल्पांत मर्यादा साधारण ०.०१ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठेवतात.

आपल्या नागपूरकरांनी मात्र एलएनजीची धास्ती घेऊ नये. द्रवरूप करण्याआधीच त्यातला पारा काढलेला असतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतल्या कोळशाचं तसं नाही. कोळसा जळताना त्यातला पारा धुरात जातो. जुने लहान संच सोडले तर औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेत ०.०३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. तिथले आकडे मागताना नमुना कसा घेतला, हेही जरूर विचारा.