भावाला अ‍ॅडालिमुमॅब इंजेक्शन सुरू करायचंय, पण टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एरवी फक्त वाचत असते, आज स्वतःच धागा काढतेय.

धाकटा भाऊ २७ वर्षांचा. तीन वर्षं 'कंबर धरलीय' म्हणून तेल, शेक, पट्टा सगळं झालं. पहाटे दुखण्यानं जाग, उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी, कामाला लागला की मोकळी. बसून वाढतं आणि चालून कमी होतं, हे इतक्या दिवसांत कुणालाच खटकलं नाही! शेवटी पुण्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांधेविकारतज्ज्ञांना) दाखवलं. एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला आनुवंशिक घटक) पॉझिटिव्ह. निदान अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येण्याचा आजार. दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या घेऊनही उतार नाही, म्हणून आता अ‍ॅडालिमुमॅब, ४० मिग्रॅ, दर दोन आठवड्यांनी.

त्याआधीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे स्वच्छ, पण इग्रा, म्हणजे टीबीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. खोकला नाही, ताप नाही, वजन आहे तेवढंच. डॉक्टर म्हणाले, आधी महिनाभर टीबी प्रतिबंधाच्या गोळ्या, मग इंजेक्शन, आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचाच. आईचं म्हणणं, "टीबी नाही म्हणतात, मग औषध कशाला? आणि वर प्रतिकारशक्ती दाबणारी सुई?" ओपीडीच्या गर्दीत मलाही धड विचारता आलं नाही.

यातून कुणी गेलंय का? महिनाभर थांबल्यानं पाठ आणखी बिघडेल का? इंजेक्शनं पुण्याहून इस्लामपूरला भर मे महिन्यात एसटीनं आणायची आहेत. मेडिक्लेम मिळतो का?

प्रतिसाद १
ताई, मी चार वर्षं हेच घेतोय, माझीही इग्रा पॉझिटिव्ह होती. आपल्याकडे कित्येकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात. शरीरानं त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण घातलेलं असतं. ते कुंपण टिकवायला टीएनएफ हे शरीरातलं प्रथिन लागतं, आणि हे इंजेक्शन नेमकं टीएनएफच अडवतं. म्हणून आधी गोळ्या. मला आठवड्यातून एकदा, असे १२ डोस होते, रिफापेंटिन आणि आयसोनायझिड. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. मधे यकृताची तपासणी मात्र टाळू नका, आणि तोवर दारू बंद.

नेताना थर्मासच्या डब्यात जेल पॅक ठेवा, पण खोका पॅकला थेट चिकटू देऊ नका, मधे टॉवेल घाला. २ ते ८ अंश हवं. गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरायचं नसतं, फेकायचं. घरच्या फ्रीजमध्येही बर्फाच्या कप्प्याखाली नको. मी एक असंच घालवलंय, अजून जिवाला लागतं.

प्रतिसाद २
मी डॉक्टर आहे, पण या विषयातला नाही. हा आजार वर्षांच्या हिशेबात पुढे सरकतो, त्यामुळे एका महिन्याची चिंता नको. वेदनाशामक आणि व्यायाम तेवढे डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं) लिहून दिलं तर बिचकू नका. अ‍ॅडालिमुमॅबचं पहिलं बायोसिमिलर २०१४ साली भारतातच, झायडस कंपनीनं आणलं.

मेडिक्लेमसाठी पॉलिसीत 'आधुनिक उपचार' हे कलम बघा. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०१९च्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन आहे, आणि हे औषध त्याच प्रकारातलं. पण मर्यादा आणि डे-केअरची (दिवसभरापुरतं दाखल होण्याची) अट कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरच्या 'हो हो'वर जाऊ नका.

एक विचारतो, भावाचा डोळा कधी लाल होऊन दुखला होता का? उजेड सहन न होणं वगैरे?

धागाकर्ती
अगंबाई, हो! दोनदा. दोन्ही वेळा डोळे आलेत म्हणून थेंब घातले. याचा संबंध आहे?

प्रतिसाद २
असू शकतो. या आजारात डोळ्याच्या मधल्या थराला सूज येऊ शकते, युव्हायटिस. तिथे अ‍ॅडालिमुमॅब चांगलं चालतं, इटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्याच दुसऱ्या इंजेक्शनचा तेवढा उपयोग होत नाही. पुढच्या खेपेला हे आवर्जून सांगा. आणि पुन्हा डोळा लाल झाला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, मेडिकलमधले थेंब नकोत.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. आईला कुंपणाचं सांगितलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "गोळ्या उपाशीपोटी की जेवून, तेवढं विचार त्यांना."