पाऊस पडला आणि भीती परत आली. चार महिन्यांचा सराव वाया गेला का?

नार्वेची_शिक्षिका

मी नार्वेत राहते, नोकरी जुन्या गोव्याला. रोज दोन फेरीबोटी: नार्वेहून दिवाडी, मग बेट ओलांडून जुने गोवे. गेल्या जुलैत संध्याकाळी परतताना दिवाडीच्या धक्क्यावर, उताराच्या शेवाळावर स्कूटरचं मागचं चाक सटकलं. मी आडवी, उजवा पाय स्कूटरखाली, अंगावर पाणी आणि समोरून बोट लागतेय. तिची लोखंडी फळी खाली येताना मी पाहिली. दोघांनी बखोटीला धरून ओढलं म्हणून वाचले. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर.

हाड जुळलं. पण फळीचा खडखडाट नि डिझेलचा वास आला की हात गार पडायचे. डिचोलीवरून वळसा घालून बसने जाऊ लागले. जानेवारीपासून समुपदेशक ताईंबरोबर सराव केला. आधी नुसतं धक्क्यावर उभं राहायचं, मग चालत बोटीत, मग स्कूटर हातात धरून. मेमध्ये स्कूटर चालवत चढले, घरी येऊन रडले आनंदाने. जूनचा पहिला पाऊस पडला आणि धक्क्यावर पुन्हा तेच, पाय उचलेना.

मेंदूतून ती आठवण गेलीच नव्हती का? ती पुसणारं औषध आहे का? कुठेतरी टीबीच्या गोळीबद्दल वाचलं, तेही खरं का?

फोंड्याचे_सर

ताई, मी फार्मसीच्या मुलांना तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं. तुमचे चार महिने जागच्या जागी आहेत, आधी हे ऐका.

पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची लाळ घंटा वाजूनही खाणं न मिळाल्यावर थांबायची, पण थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुटायची. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं लिहिलं जातं: ‘फळी पडली, तरी काही झालं नाही.’ हे लिहिण्याचं काम रासायनिक आहे. मेंदूच्या भीतीची नोंद ठेवणाऱ्या भागात, अमिग्डालात, ग्लुटामेट हे रसायन एनएमडीए नावाच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागेवर बसतं, तेव्हा पेशींमधले दुवे बदलतात. १९९२ साली उंदरांच्या अमिग्डालात ही ग्राही औषधाने अडवली, तर त्यांची भीती कमी होईना. भीती विरणं हेसुद्धा शिकणंच आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मात्र नवी नोंद जागेला, ऋतूला, वासाला फार चिकटून असते. जुनी भीती सगळीकडे पसरते, नवा धीर जिथे कमावला तिथेच राहतो. तुम्ही तो कोरड्या धक्क्यावर कमावलात. ओल्या धक्क्यावर तो अजून लिहायचा आहे, एवढंच.

वाळपईकर

माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. चोर्ला घाटात आमची गाडी उलटली होती. नंतर घाटातून बसने जायचं म्हटलं की मी घबराटीची गोळी घ्यायचो, अल्प्राझोलाम. प्रवास छान व्हायचा. दोन वर्षांनी गोळी विसरलो आणि चोर्ल्याच्या पहिल्याच वळणाला घामाघूम झालो. मेंदूला वाटत होतं, गोळी आहे म्हणून मी सुरक्षित.

फोंड्याचे_सर

अगदी बरोबर. ही औषधं गाबा या मेंदूतल्या रसायनाचा जोर वाढवून मेंदू शांत करतात, पण त्याच धुंदीत शिकणंही मंदावतं. ताई, सरावाआधी अशी काही गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोला. एकदम बंद मात्र करू नका.

टीबीच्या गोळीचं खरं आहे. डी-सायक्लोसेरीन हे टीबीचं औषध त्याच एनएमडीए ग्राहीला हात देतं. २००४ साली उंचीच्या भीतीच्या रुग्णांना आभासी लिफ्टमध्ये चढवताना ते दोनच सत्रांत दिलं आणि औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा भीती जास्त उतरली. नंतरच्या अभ्यासांत फायदा छोटाच निघाला. शिवाय सत्र वाईट गेलं, तर वाईट शिकणंही पक्कं होण्याचा धोका. हे दुकानातून आणून घ्यायचं औषध नव्हे.

झोप मात्र फुकट आहे. दिवसा लिहिलेलं रात्री पक्कं होतं, तेव्हा सराव केलात त्या रात्री जागू नका. आणि घाबरून अर्ध्यातून पळू नका. भीती चढून जरा उतरेपर्यंत तिथेच थांबा.

नार्वेची_शिक्षिका

सर, वाळपईकर दादा, मनापासून आभार. काल दुपारी रिपरिप चालू असताना गेले. स्कूटर घरी ठेवली, छत्री घेऊन धक्क्याच्या वर उभी राहिले. पहिली बोट लागली, फळी आपटली, छाती धडधडत होती. दुसऱ्या बोटीलाही तेच. तिसऱ्या वेळी उतारावरचं शेवाळ किती हिरवं आहे ते दिसलं, आधी नजर तिथे जातच नव्हती. चौथ्या बोटीत चालत चढले, कठडा घट्ट धरून. दिवाडीला उतरून त्याच बोटीने परत आले. रात्री नऊला झोपले.

ताईंनी सांगितलंय, चवथीपर्यंत पावसातच चालत जायचं, स्कूटर त्यानंतर. उद्या पुन्हा जातेय.