मदत हवी आहे : सोलापुरातील साध्या, सुंदर गोष्टी आईला कुठे दाखवाव्यात?

नमस्कार. निवृत्तीनंतर आईला दिवस रिकामे वाटू लागले आहेत. म्हणून रोज दिसलेली एखादी साधी, सुंदर गोष्ट वहीत टिपून ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. सिद्धेश्वर तलावात पडणारे मंदिराचे प्रतिबिंब मी टिपले. निखाऱ्यावर कडक होत जाणाऱ्या भाकरीचा वास तिने (तिची नोंद अर्थातच सरस आहे). तिचे गुडघे दुखत असल्याने फार चालणे जमत नाही. त्यामुळे हिवाळ्यात हिप्परगा तलावावरचे स्थलांतरित पक्षी रस्त्यालगतच बसून पाहता येतील अशी जागा कोणती, आणि जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी उमटताना पाहू देणारा एखादा कारखाना पूर्व भागात आहे का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.