प्रिंटर स्वस्तात, शाई महागात: याला सरळ व्यवहार म्हणायचं का?

काळीशाई
एचपीचा चार हजारांचा डेस्कजेट हा शाईचा प्रिंटर (इंकजेट) घेतला की त्यात 805 नंबरचं काळं कार्ट्रिज बसतं, कंपनीच्याच आकड्याप्रमाणे सुमारे 120 पानांचं. ते 800 रुपयांना पडलं असं धरलं, तर पानामागे साडेसहा रुपयांच्या वर गेले. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दोन रुपयांत प्रिंट देतो. आणि ही 120 पानं घरातली नव्हेत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत ठरावीक पानं सलग छापतात. घरी मशीन आठवड्यातून दोनदा सुरू होतं, दर वेळी हेड (शाई कागदावर सोडणारा भाग) साफ करायला शाई ओढतं आणि ती थेट वेस्ट पॅडच्या, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या, स्पंजात जाते. तिरंगी कार्ट्रिजमधला पिवळा संपला की उरलेला निळा आणि गुलाबीही कचऱ्यात.

हेही एकवेळ चालवून घेता येईल. माझा खरा राग कार्ट्रिजवरच्या चिपवर आहे, जिच्यावरून मशीन कार्ट्रिज कंपनीचं की बाहेरचं ते ओळखतं. सप्टेंबर 2016 मध्ये एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतल्या प्रिंटरांनी बाहेरची कार्ट्रिजं अचानक नाकारली. आदल्या दिवशी चालणारं कार्ट्रिज दुसऱ्या दिवशी 'सदोष' ठरलं, कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तशी सोय करून ठेवली होती. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू कंपनीने मागाहून बदलायची, हे मला मान्य नाही. पानामागचा खर्च खोक्यावर ठळक छापणं सक्तीचं करा आणि विक्रीनंतर कुलूप घालायला बंदी घाला.

हिशेबी
कुलपाचं नंतर बोलू. आधी त्या साडेसहा रुपयांत काय काय येतं ते बघा. या डेस्कजेटमध्ये कार्ट्रिज म्हणजे नुसती शाईची डबी नसते, शाई फवारणारं नोझल त्याच्यावरच असतं. म्हणजे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. एप्सनच्या टँकवाल्या (बाटलीतून शाई ओतायच्या) मशीनमध्ये हेड कायमचं बसवलेलं असतं. चार महिने बंद राहून ते सुकलं आणि दोन-तीनदा क्लीनिंग करूनही नोझल चेकमधल्या रेघा तुटकच आल्या, तर सर्विस सेंटर गाठावं लागतं.

आता टँकचा हिशेब. एप्सनच्या 003 नंबरच्या शाईची 65 मिलिलिटरची काळी बाटली कंपनी 4,500 पानांची सांगते, पानामागे दहा पैसेसुद्धा पडत नाहीत. पण मशीन बारा हजारांचं धरलं तर सुरुवातीलाच आठ हजार जास्त गेले. पानामागे साडेसहा रुपये वाचले तरी ते भरून निघायला साधारण 1,200 पानं छापावी लागतात. महिन्याला 60 पानं असतील तर वीस महिने, दहा असतील तर दहा वर्षं! स्वस्त मशीन अशा थोडं छापणाऱ्यासाठी असतं. त्याची सूट जास्त छापणारा भरतो, यात फसवणूक कसली?

काळीशाई
दहा पानांवाल्यालाच तर सगळ्यात जास्त फटका बसतो. त्याची बरीचशी शाई हेड साफ करण्यात आणि सुकण्यात जाते. नोझल कार्ट्रिजवर असतं हा मुद्दा मान्य. पण छपाईला चिप लागतेच असं कोणी म्हणेल तर ते मान्य नाही. 2022 च्या सुरुवातीला चिपांचा तुटवडा पडला तेव्हा कॅननने आपल्या ऑफिस कॉपिअरांचं टोनर (छपाईची पावडर) चिपशिवाय विकलं आणि पडद्यावरची सूचना ओलांडून पुढे कसं जायचं तेही ग्राहकांना स्वतःच सांगितलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात ठरवलं की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर 2020 मध्ये याच कुलपासाठी एचपीला एक कोटी युरोचा दंड केला.

हिशेबी
मागाहून घातलेल्या कुलपाचं समर्थन मीही करणार नाही. पण आधी सांगून घातलेलं कुलूप वेगळं. एचपी प्लस ही कंपनीची योजना घेताना अट स्पष्ट असते: मशीन असेपर्यंत अस्सल शाई आणि चालू इंटरनेट, बदल्यात जादा वॉरंटी. हा करार आहे. तो न वाचता 'ओके' दाबलं तर दोष कोणाचा?

ड्रमपावडर
तुम्ही दोघे शाईतच अडकलात. घरात फॉर्म, सातबारा, मुलांच्या प्रश्नपत्रिका एवढंच छापायचं असेल तर काळा-पांढरा लेझर घ्या, त्यात शाईऐवजी पावडर असते. पावडर सुकत नाही, सहा महिन्यांनीही पहिलं पान स्वच्छ येतं. एचपीचा जुना लेझरजेट 1020 अजून गावोगाव का चालतो? त्याच्या 12ए कार्ट्रिजवर चिपच नाही. 2,000 पानांचं कार्ट्रिज सुमारे 100 ग्रॅम पावडर भरून पुन्हा चालतं.

रिफिल बिघडतं ते घाईमुळे. बाजूच्या पिना काढून दोन भाग वेगळे करायचे, ड्रम, म्हणजे पानावर अक्षरं उमटवणारा रूळ, काळ्या कापडात गुंडाळायचा (उजेडाने तो खराब होतो) आणि वेस्टच्या कप्प्यातली जुनी पावडर आधी पूर्ण रिकामी करायची. ती तशीच ठेवली तर कप्पा भरून सांडते आणि पानावर काळे ठिपके पडतात. ती पावडर पुन्हा टाकीत तर कधीच घालू नका, तिच्यात कागदाची धूळ असते. दर साडेसात सेंटीमीटरला तोच डाग उमटत असेल तर दोष ड्रमचा, कारण त्याचा घेर तेवढाच आहे. अक्षर बोटाने पुसलं जात असेल तर पावडर दुसऱ्या मशीनची भरली असेल, नाहीतर फ्यूजर (पावडर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) नीट तापत नसेल. सांडलेली पावडर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, ती फिल्टरमधून आरपार जाते.

काळीशाई
1020 बंद होऊन जमाना झाला. आज दुकानात गेलात तर 110ए या लेझर कार्ट्रिजवर चिप आहेच. म्हणून घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारा: कार्ट्रिजचा नंबर काय, पानं किती, चिप आहे का, खोक्यातलं कार्ट्रिज पूर्ण भरलेलं आहे की सुरुवातीपुरतं? घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच मेनूत जाऊन ऑटो अपडेट बंद करा, नवं फर्मवेअर एकदा चढलं की सहसा मागे जाता येत नाही. एवढी खबरदारी गिऱ्हाईकाने घ्यायची आणि कंपनीने मात्र खोक्यावर एक आकडा छापायचा नाही?

हिशेबी
आकडा छापायला माझी हरकत नाही, छापाच. पण तो छापला तरी दहा पानांवाल्याचं उत्तर बदलत नाही: वर्षाला 120 पानं, झेरॉक्सवाल्याकडे 240 रुपये. त्याने प्रिंटर घेऊच नये, लेझरही नको.