ग्वांगझूला मशीन बघायला जायचंय, चिनी भाषेचा गंध नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अंबडला आमचं पॅकिंगचं छोटं युनिट आहे. बेदाणे, मसाले, थोडा चिवडा. पाऊच भरणारं नवं मशीन घ्यायचं म्हणून चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी जत्रेला, निघालोय. यंत्रांचा टप्पा १५ ते १९ ऑक्टोबर. तो उरकला की शेजारच्या फोशानला कारखाने बघायचे. व्हिसा, तिकीट सगळं झालंय. सोबत थोरले मेव्हणे आहेत. हिशेबाला पक्के, पण माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. चिनी अक्षर दोघांनाही ओळखता येत नाही आणि आमचं इंग्रजी बँकेपुरतं.

मुंबईचा एक एजंट म्हणतो, दुभाष्या आमचाच घ्या, कारखानेही आम्हीच दाखवू. हे मला पटत नाही. मोबाइलवर भाषांतर करून सौदा होतो का? टॅक्सी, जेवण, पैसे हे कसं जमवायचं? जाऊन आलेल्यांनीच सांगा, यूट्यूब बघून डोकं उठलंय.

प्रतिसाद – सातपूरकर

एजंटचा दुभाष्या नकोच. जो कारखान्याकडून कमिशन खातो तो तुमची घासाघीस कशाला करेल? फेअरच्या आवाराबाहेर दिवसावर काम करणारे इंग्रजी-चिनी दुभाषे मिळतात. फोशानच्या दिवसापुरता एक धरा. फेअरमध्ये स्टॉलवरच्या पोरी कामचलाऊ इंग्रजी बोलतात, तिथे गरज नाही.

गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं की चालतात. तरी भाषांतराच्या अ‍ॅपचा चिनी ऑफलाइन पॅक (नेट नसतानाही चालणारा) इथूनच उतरवून घ्या. मराठीतून थेट चिनी करायला जाऊ नका, भलतंच काहीतरी निघतं. इंग्रजीची तुटक वाक्यं बरी. वीचॅट हे त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, त्यामुळे कारखानदार ‘वीचॅट द्या’ म्हणाला तर ईमेलवर अडून बसा. पैशांसाठी अलीपे या तिकडच्या पेमेंट अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. खिशात थोडे सुटे युआनही असू द्या.

भाव बोटांवर ठरवू नका. अंगठा आणि करंगळी वर केली की त्यांच्याकडे सहा होतात, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आपण दोन समजून मान हलवतो आणि पुढे घोळ. कॅल्क्युलेटर मध्ये ठेवा, आकडा दाबा, समोरचा तो पुसून स्वतःचा दाबतो. सगळा बाजार असाच चालतो.

प्रतिसाद – गोदाकाठ

मेव्हण्यांसाठी: ‘मांस, मासे, अंडं, चरबी, कोंबडीचा अर्क, ऑयस्टर सॉस नको’ असं चिनीत छापून चार-पाच कार्डं न्या. नुसतं ‘भाजी’ म्हटलंत तर भाजी येईल, पण डुकराच्या चरबीत परतलेली. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खाणावळी असतात, तिथे निर्धास्त जेवा. कांदा-लसूणही नसतो, लासलगावच्या शेजारच्या माणसाला जरा जड जाईल इतकंच. हॉटेलचं चिनी पत्त्याचं कार्ड मात्र कायम खिशात. टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून उपयोग नसतो. मेट्रोत पाट्या आणि घोषणा इंग्रजीतही आहेत.

आता मुख्य गोष्ट. भाषेची खरी अडचण तिथे नाही, मशीन अंबडला उतरल्यावर येते. पॅनेलचा स्क्रीन चिनीत, मॅन्युअल चिनीत, आणि रात्रपाळीला एरर आला की ऑपरेटर कोणाला विचारणार? स्क्रीन आणि मॅन्युअल इंग्रजीत, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (ऑर्डरआधीच्या कच्च्या बिलावर) लिहून घ्या. तसंच व्होल्टेज: तिकडे थ्री-फेज ३८०, आपल्याकडे ४१५, हर्ट्‌झ दोन्हीकडे ५०. तेही लिहून घ्या. तुमच्या लॅमिनेटचा (पाऊचच्या फिल्मचा) रोल सोबत न्या आणि ट्रायल त्यावरच मागा. बेदाणा चिकटतो, आणि ते त्यांचे तांदूळ भरून फटाफट पाऊच काढून दाखवतात. बेदाणे न्यायची गरज नाही, शिनजियांगचे तिकडे सगळीकडे मिळतात. ट्रायलचा व्हिडिओ काढा, वजनकाट्याचा आकडा दिसेल असा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कार्डं छापायला आजच टाकतो. मेव्हणे विचारताहेत, खाकरे आणि भाजके शेंगदाणे नेले तर कस्टमवाले अडवतात का? आणि दुभाष्याचा दिवसाचा भाव साधारण किती, जेवण आपल्याकडेच असतं का?