मदत हवी आहे: एन्झायटीसाठी अश्वगंधा, ब्राह्मी की जटामांसी?

अर्धीझोप:
वर लिहिलेल्यापैकी नक्की काय घ्यावं? किती, कधी, उपाशीपोटी की जेवून? नेटवर प्रत्येकजण वेगळंच सांगतोय, वाचून वाचून अजूनच धडधडायला लागलंय. डॉक्टरकडे जा हा सल्ला नको, तिकडे जाऊन झालंय. ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनीच सांगा आणि प्लीज लवकर, उद्यापासून सुरू करायचंय.

काढाकिंग:
अश्वगंधा, डोळे झाकून. मी कधीपासून घेतोय, झोप मस्त लागते. नैसर्गिक आहे त्यामुळे साइड इफेक्ट शून्य.

चौकस:
"जाऊन झालंय" म्हणजे काय? निदान काय झालं, जीएडी (सतत अति काळजी वाटण्याचा आजार), पॅनिक की अजून काही? गोळ्या चालू आहेत का?

अर्धीझोप:
जीएडी म्हणाले. एक गोळी दिलीय पण तीच बंद करायचीय म्हणून तर झाडपाल्याचं विचारतोय ना. मूळ प्रश्नाचं उत्तर द्या की कुणीतरी.

गोळीवाली:
फार्मसीत काम करते म्हणून विचारते, गोळीचं नाव काय? एसएसआरआय गटातली (सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणारी) असेल तर सेंट जॉन्स वर्ट या नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या वाटेला अजिबात जाऊ नका, दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामसुद्धा ते कमी करतं. आणि काढाकिंग, शून्य कसं काय? अश्वगंधेने यकृताला त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, शिवाय डेन्मार्कने 2023 मध्ये बंदी घातलीय तिच्यावर.

काढाकिंग:
आली फार्मा लॉबी :) हजारो वर्षं लोक घेतायत ते काय वेडे होते?

गोळीवाली:
कावा पण लोक पिढ्यानपिढ्या पितातच की. एन्झायटीवर चाचण्यांत थोडाफार गुण दिसलेली वनस्पती, तरी यकृताच्या केसेसमुळे 2002 मध्ये जर्मनीने परवाने काढून घेतले.

तिरकस:
अर्धीच गोष्ट सांगताय. 2014 मध्ये तिथल्या कोर्टाने तो निर्णय चुकीचा ठरवला.

गोळीवाली:
कोर्टाच्या निकालाने यकृत सुधारत नाही हो. अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2002 मध्येच इशारा दिला होता.

हिरवागार:
ब्राह्मी कुंडीत सुंदर येते. माती सतत ओली हवी, कडक ऊन नको, फांदी तोडून खोचली तरी जगते.

तिरकस:
कुठली ब्राह्मी पण? बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी म्हणजे बकोपा, आणि गोल पानांची ती मंडूकपर्णी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच खपतात. आणि जटामांसी तर जंगलातून इतकी ओरबाडलीय की नामशेष व्हायच्या बेतात आहे, ती कृपया कुणी सुचवू नका.

हिरवागार:
माझी गोल पानांचीच आहे, फोटो टाकतो.

चौकस:
विषय भरकटला. धागाकर्ते, गोळीचं नाव?

अर्धीझोप:
एस्सिटालोप्राम 10. अजून महिना पण नाही झाला, उलट अस्वस्थ जास्त वाटतंय. बाकी काही नाही, सकाळी थायरॉक्सिन घेतो पण त्याचा इथे काय संबंध.

गोळीवाली:
सगळा संबंध तिथेच आहे!! अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते, त्यात तुम्ही थायरॉक्सिन घेताय, म्हणजे धडधड, घाम, हात थरथरणं, झोप उडणं, हुबेहूब एन्झायटीसारखंच. थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला तरी हेच होतं. एस्सिटालोप्राम ही एसएसआरआयच, तिने सुरुवातीला काहीजणांची बेचैनी वाढते, नीट गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने एकदम बंद केलीत तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चिडचिड होऊ शकते. ज्यांनी दिली त्यांनाच फोन करून हे सांगा, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या.

तिरकस:
वनस्पतींचंच हवं असेल तर लव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल, चाचण्या बऱ्यापैकी आहेत, एकीत लोराझेपाम या एन्झायटीच्या गोळीशी तुलना केली होती. अर्थात डॉक्टरला विचारूनच, आणि बाटलीतलं सुगंधी तेल पिऊ नका म्हणजे मिळवली. कॅमोमाइलच्या 2016 च्या चाचणीत रोज 1500 मिलिग्रॅम अर्क दिला होता, लक्षणं कमी राहिली पण त्रास उलटायचं प्रमाण काही ठोस घटलं नाही.

काढाकिंग:
म्हणजे शेवटी वनस्पतीच ना!

चौकस:
कॉफी किती पिता हेही सांगा, आणि सीबीटीबद्दल (विचार-वर्तन बदलायची समुपदेशन पद्धत) कुणी बोललं का तुमच्याशी?

अर्धीझोप:
कॉफी बरीच. सीबीटी नाही. बरं, उद्या फोन करतो. टीएसएचचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट आहे, तो चालेल?

गोळीवाली:
नाही, नवीन करा. आणि तोपर्यंत अश्वगंधा नको.

हिरवागार:
रोप हवं असल्यास मेसेज करा.